तळाशी काय लिहिलंय? 'मेड इन'ची तीनशे वर्षांची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी.)



आजच्या एपिसोडची सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीतला पहिला बोनस हातात आला होता. टीममधल्या एकाने बाइकचं डाउन पेमेंट केलं, एकीने घरी फ्रिज घेतला. मी गोकूची फिगर घेतली. हसू नका. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून ज्याच्यासाठी टीव्हीसमोर बसायचो, तो गोकू आपल्या टेबलावर असावा हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. किंमत साडेसहा हजार. विकणारा नाशिकचा एक कॉलेजचा मुलगा, ऑनलाइन छोटंसं पेज चालवायचा. त्याने लिहिलं होतं, "शंभर टक्के ओरिजिनल, जपानी कंपनी."

पार्सल आलं. बॉक्स उलटा केला, तर तळाशी बारीक अक्षरांत 'मेड इन चायना'.

माझं डोकंच सटकलं. त्याला मेसेज टाकला, "जपान सांगून चायना माल विकतोस?" त्याचं उत्तर आलं, "दादा, ओरिजिनल पण चायनातच बनतात. बॉक्सवरचं होलोग्राम स्टिकर बघा ना." मी बघितलं नाही. वस्तू परत केली, पैसे घेतले आणि वर त्याच्या पेजवर एक स्टार देऊन लिहिलं, "फसवणूक. चायना माल."

पुढे दोन वर्षांनी ऑफिसातला एक सीनियर जपानला जाऊन आला. टोकियोतल्या अकिहाबारातून त्याने अगदी तीच फिगर आणली होती, पावतीसकट. मी सवयीने उलटी करून बघितली. तळाशी तेच. मेड इन चायना.

म्हणजे तो पोरगा खरं बोलत होता.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसला. वस्तू कुठे बनली हे कळल्याबरोबर तिची किंमत आपल्या मनात वर किंवा खाली का जाते? आणि ही सवय आपल्याला लागली कधी? शोधत गेलो, तर गोष्ट तीनशे वर्षं मागे गेली. आणि गंमत म्हणजे ती चीनमध्येच सुरू होते.

चिनीमाती या शब्दातच सगळं आलं

एक साधा शब्द घ्या. चिनीमाती. कपबशी चिनीमातीची, लोणच्याची बरणी चिनीमातीची. बरणी बनते आपल्याकडेच, पण नाव चीनचं. इंग्रजीतही क्रोकरीला 'चायना'च म्हणतात. आपण रोज 'मेड इन चायना' म्हणतोय, फक्त लक्षात येत नाही. आणि या शब्दात हेटाळणी अजिबात नाही. उलट, एके काळी चिनी म्हणजे जगात सगळ्यात भारी.

सतराव्या शतकात चीनच्या फूच्येन प्रांतात तहुआ नावाच्या गावात दुधासारख्या पांढऱ्या पोर्सिलीनच्या मूर्ती बनत. करुणेची देवी क्वानयिन ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. तिच्या अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या अशा, की माती आहे यावर विश्वास बसत नाही. ह चाओत्सोंग नावाचा तिथला एक मूर्तिकार स्वतःचा शिक्का मूर्तीच्या पाठीवर उमटवायचा. आज जगातल्या मोठ्या म्युझियममध्ये त्याच्या नावाच्या मूर्ती आहेत. आणि त्या शिक्क्याची नक्कल पुढे कित्येक पिढ्या होत राहिली. म्हणजे 'ओरिजिनल का डुप्लिकेट' हा वाद तेव्हापासूनचा आहे.

या मूर्ती जहाजांतून युरोपात जात. तिथे पोर्सिलीन कसं बनवतात हे कोणालाच माहीत नव्हतं. युरोपातले कुंभार मातीची भांडी बनवत, पण ती जाड असत. पांढरंशुभ्र, पातळ, उजेडात धरलं तर आरपार उजेड दिसणारं पोर्सिलीन फक्त पूर्वेकडून येई. त्याला 'पांढरं सोनं' म्हणत.

आता या गोष्टीत येतो एक वेडा राजा. जर्मनीतल्या सॅक्सनीचा ऑगस्टस. याला पोर्सिलीनचा असा नाद, की १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला स्वतःचे ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. हिशेब केला तर एका भांड्याला साधारण चार सैनिक. मी साडेसहा हजारांची फिगर घेतली म्हणून आईने मला जे ऐकवलं, त्यानंतर मला हा राजा फार जवळचा वाटायला लागला.

पहिली कॉपी कोणी केली?

या राजाच्या कैदेत एक तरुण होता. योहान ब्योटगर. 'मी सोनं बनवू शकतो' अशी थाप मारून फसलेला. राजाने त्याला कोंडून ठेवलं आणि म्हटलं, बनव. सोनं काही बनेना. शेवटी चिर्नहाउस नावाच्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याला पोर्सिलीनच्या मागे लावलं. १७०८ च्या सुमारास त्यांना ते साधलं आणि १७१० मध्ये माइसन गावातल्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. किल्ल्यात अशासाठी, की फॉर्म्युला बाहेर जाऊ नये. आजच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोडला पहारा. तरी तो फुटलाच. माइसनमधून फुटलेल्या माणसांना हाताशी धरून १७१८ मध्ये व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला.

आता लक्ष देऊन ऐका. माइसनने अगदी सुरुवातीला बनवलेल्या मूर्तींमध्ये काय होतं? क्वानयिन. तहुआच्या चिनी मूर्ती समोर ठेवून, लालसर मातीत केलेली हुबेहूब नक्कल. आज ज्या माइसनचं नाव जगातल्या लिलावांत आदराने घेतात, त्याची सुरुवात चिनी मूर्तींच्या कॉपीपासून झाली. त्या काळी कोणी 'हा जर्मन माल आहे' म्हणून नाक मुरडलं असतं, तर ते बरोबरच होतं.

पण माइसन कॉपीवर थांबलं नाही. १७३१ मध्ये योहान केंडलर हा शिल्पकार तिथे आला. नाटकातली पात्रं, प्राणी, पक्षी, फेरीवाले अशा शेकडो मूर्ती त्याने घडवल्या. युरोपात घरात छोट्या पोर्सिलीनच्या मूर्ती मांडायची हौस वाढली त्यात त्याचा वाटा फार मोठा. आपल्या शोकेसचा पणजोबाच म्हणा.

आणि त्याच सुमारास, १७२० च्या दशकात, माइसनने एक युक्ती केली. प्रत्येक वस्तूच्या तळाशी निळ्या रंगात दोन तलवारी, एकमेकींवर फुली मारलेल्या. सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या. हे जगातल्या सगळ्यात जुन्या ट्रेडमार्कपैकी एक आहे आणि आजही चालू आहे. मधल्या काळात राजे गेले, दोन महायुद्धं झाली, कम्युनिस्ट पूर्व जर्मनी आली आणि गेली. कारखाना त्याच गावात, पांढरी माती जवळच्या खाणीतली आणि तळाशी त्याच तलवारी.

इथे पहिला धडा मिळतो. माइसनचं मोल नुसतं 'जर्मनी'त नाही. एकाच जागी, तीच माती, तेच जुने साचे, उस्तादाकडून शिष्याकडे गेलेला हात, असं तीनशे वर्षं न तुटता चालू राहण्यात आहे. शिवाय स्वतःच्या चुकीची नोंद ठेवण्यात आहे. एखादा पीस थोडा डावा निघाला, तर कारखाना तलवारींच्या खुणेवर आडवी रेघ कोरतो. म्हणजे 'आमचाच आहे, पण एक नंबरचा नाही.' जाणकार माणूस तळ बघतो तो ही रेघ शोधायला. त्या एका रेघेने किंमत उतरते.

शिक्षा म्हणून आलेलं लेबल

माइसनची खूण अभिमानाची होती. पण 'मेड इन अमुक देश' हे लेबल अभिमानातून आलेलं नाही. ते आलं रागातून.

एकोणिसाव्या शतकात जर्मन कारखाने स्वस्त माल बनवून इंग्लंडमध्ये ओतत होते. सुऱ्या-कात्र्यांवर 'शेफील्ड' असं इंग्लिश गावाचं नाव ठोकून विकत. १८७६ मध्ये अमेरिकेतल्या प्रदर्शनात जर्मन वस्तू बघून फ्रान्झ रॉयलो या जर्मन इंजिनिअरनेच लिहिलं की आपला माल स्वस्त आणि वाईट आहे. शेवटी १८८७ मध्ये इंग्लंडने मर्चंडाइझ मार्क्स अ‍ॅक्ट आणला. परदेशी वस्तूवर इंग्लिश वाटेल असं नाव किंवा खूण असेल, तर ती खरी कुठे बनली ते लिहा. हेतू उघड होता. लोकांनी 'मेड इन जर्मनी' वाचावं आणि हात मागे घ्यावा.

झालं उलटंच. लोकांनी वाचलं, वापरून बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण वापरतोय ते बरंचसं जर्मनच आहे आणि ते टिकतंय. जर्मन मालही सुधारत गेला. दहा वर्षांच्या आत, १८९६ मध्ये, 'मेड इन जर्मनी' याच नावाचं पुस्तक इंग्लंडमध्ये निघालं, जर्मन माल कसा सगळीकडे पोचलाय ते सांगणारं. बदनामीसाठी लावलेलं लेबल पुढे जाहिरात झालं.

आपल्याकडे १८८९ मध्ये तसाच कायदा आला. आणि आपल्या भाषेत याची एक गोड खूण राहिलीय. माझी आजी अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणायची. ते बनलेलं असायचं इथल्याच कारखान्यात. पण नाव जर्मनचं, जसं बरणीला नाव चीनचं. माल आला, गेला, इथे बनायला लागला, आणि नाव तसंच चिकटून राहिलं.

मूर्तींच्या बाबतीतही तेच. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील चित्रांनी घराघरांत देव पोचवले. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात निघालेला त्याचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे. त्याच चित्रांवरून घडवलेल्या पोर्सिलीनच्या देवमूर्ती जर्मनीत बनून भारतात विकायला येत. आज जुन्या वस्तूंच्या लिलावात त्या दिसतात आणि तळाशी जर्मनीची खूण असेल तर भाव वाढतो. विचार करा, हिंदू देवीची मूर्ती, आणि तिचं मोल ठरतंय ती परदेशात बनली म्हणून. तिथे आपण 'देशी नाही' म्हणून तक्रार करत नाही.

लेबल म्हणजे टाइमस्टॅम्प

आता अमेरिकेत जाऊ, कारण जुन्या वस्तू गोळा करणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाचा कायदा तिथला आहे. १८९० चा मॅकिन्ली टॅरिफ अ‍ॅक्ट. १ मार्च १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशाचा ते लिहिणं सक्तीचं झालं. हेतू आयात मालाला वेसण घालण्याचा. पण शंभर वर्षांनंतर या नियमाचा उपयोग वेगळ्याच लोकांना होतोय.

म्हणजे असं. तुमच्या हातात एक जुनी पोर्सिलीनची बाहुली आहे. तळाशी 'निप्पॉन' लिहिलंय. निप्पॉन म्हणजे जपान, जपानी भाषेतला. १९२१ मध्ये अमेरिकन कस्टम्सने सांगितलं, हा शब्द चालणार नाही, इंग्रजीत 'जपान' लिहा. म्हणजे ही बाहुली बहुधा १८९१ ते १९२१ च्या मधली. नुसतं 'जपान' किंवा 'मेड इन जपान' असेल, तर त्यानंतरची असण्याची शक्यता जास्त. आणि 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल, तर काळ आणखी अचूक कळतो.

दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर जपान अमेरिकन सैन्याच्या ताब्यात गेला. १९४७ मध्ये निर्यात पुन्हा सुरू झाली, तेव्हा बऱ्याच मालावर हे शब्द छापले गेले. ऑक्युपाइड, म्हणजे ताब्यातला. आपल्या हाताने बनवलेल्या बाहुलीच्या पायाखाली 'आम्ही हरलेला देश आहोत' असं लिहायचं. २८ एप्रिल १९५२ ला ताबा संपला आणि खूणही संपली.

या मूर्ती फार भारी होत्या का? नाही. बऱ्याचशा जर्मन आणि इंग्लिश शोपीसच्या स्वस्त नकला. त्या काळी 'जपानी माल' म्हणजे तकलादू असंच लोक म्हणत. पण आज त्या खास गोळा करणारे लोक आहेत. का? कारण जेमतेम पाच वर्षांची खिडकी आहे. ती खिडकी पुन्हा उघडणार नाही. इतकंच काय, आता कोणीतरी नव्या बाहुल्यांवर 'ऑक्युपाइड जपान'चा खोटा शिक्का मारून विकतात. म्हणजे नकलेची नक्कल. अपमानाच्या शिक्क्याचीही डुप्लिकेट निघते, यापेक्षा मोठी गंमत काय?

जाता जाता एक अफवा निकालात काढू. तुम्ही ऐकलं असेल की जपान्यांनी एका गावाचं नाव मुद्दाम 'उसा' ठेवलं, म्हणजे मालावर 'मेड इन यूएसए' लिहिता येईल. उसा गाव खरंच आहे. पण तिथलं देऊळ आठव्या शतकातलं आहे. अमेरिका जन्मायच्या हजार वर्षं आधीचं. आणि कायद्याने देशाचं नाव लागतं, गावाचं नाही. गोष्ट मस्त आहे, पण खोटी आहे.

बरोबर देश, बरोबर शिक्का, तरी भाव पडला

इथपर्यंत ऐकून वाटेल, चला, योग्य देश आणि योग्य शिक्का मिळाला की पैसे वसूल. थांबा. हुमेलची गोष्ट ऐका.

मारिया इनोसेंटिया हुमेल ही जर्मनीतली एक नन. लहान मुलांची गोड चित्रं काढायची. १९३५ मध्ये गोबेल कंपनीने त्या चित्रांवरून मूर्ती काढल्या. छत्रीखालची मुलं, शाळेत जाणारा पोरगा वगैरे. युद्धानंतर जर्मनीत आलेल्या अमेरिकन सैनिकांनी त्या पोत्याने घरी नेल्या. पुढे अमेरिकेत घरोघरी शोकेसमध्ये हुमेल. क्लब निघाले, भावाच्या यादीची पुस्तकं निघाली. लोक म्हणायचे, मुलांच्या कॉलेजला उपयोगी पडेल.

सगळं बरोबर होतं. जर्मनीत बनलेल्या, हाताने रंगवलेल्या, तळाशी खूण. मग काय झालं? त्या पिढीने जपलेल्या लाखो मूर्ती तिच्या मुलांकडे आल्या. मुलांना त्या नको होत्या. इंटरनेटवर लिलाव सुरू झाले, तेव्हा कळलं की आपल्याकडे जे आहे ते सगळ्यांकडेच आहे. भाव कोसळले. २००८ मध्ये गोबेलने उत्पादन थांबवलं. आजही अगदी सुरुवातीच्या आणि दुर्मीळ हुमेलना किंमत आहे, पण सर्वसाधारण मूर्ती किरकोळ पैशांत मिळते.

म्हणजे जागा हे मोलाचं एक कारण आहे, एकमेव नाही. वस्तू किती आहेत आणि त्या हव्या असणारी माणसं किती उरलीत, हे दोन प्रश्न देशाच्या नावापेक्षा मोठे ठरतात.

कारखाना उठतो तेव्हा

आता उलटी बाजू. ब्रँड तोच, जागा बदलली तर?

इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट हे कुंभारांचं शहर. तिथल्या लोकांबद्दल सांगतात की हॉटेलात जेवायला बसले तरी आधी बशी उलटी करून बघतात, कोणाची बनावट आहे. याच शहरातल्या बर्स्लेममध्ये रॉयल डाउल्टनचा कारखाना होता. १९१३ पासून त्यांनी मूर्तींना 'एचएन' क्रमांक द्यायला सुरुवात केली. एचएन म्हणजे हॅरी निक्सन, रंगकामाचा प्रमुख. पहिला क्रमांक झोपण्याचा अंगरखा घातलेल्या एका लहानग्याच्या मूर्तीचा. राणी मेरी भेटीला आली आणि ती बघून 'डार्लिंग' म्हणाली, म्हणून तेच नाव पडलं असं सांगतात.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं हे, की लाखो मूर्तींच्या तळाशी एका रंगाऱ्याची आद्याक्षरं आहेत. राजाची नाही, मालकाची नाही.

२००५ मध्ये बर्स्लेमचा तो कारखाना बंद झाला आणि उत्पादन इंडोनेशियाला गेलं. गोळा करणाऱ्यांनी लगेच रेघ मारली. अलीकडचं आणि पलीकडचं. 'मेड इन इंग्लंड' असलेल्या जुन्या मूर्तींना पसंती, नंतरच्यांना तेवढी नाही.

हे वाचताना मला बाबा आठवले. ते भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे बनलेले पार्ट बाहेरच्या देशात जायचे आणि दुसऱ्याच कंपनीच्या नावाच्या खोक्यात बसायचे. मी लहानपणी विचारलं होतं, "तुमचं नाव कुठेय त्याच्यावर?" ते म्हणाले, "नाव नसतं रे. पण एक पार्ट परत आला नाही पाहिजे." इंडोनेशियात डाउल्टनच्या बाहुलीचे ओठ रंगवणारीही कोणीतरी असेलच. तिचा ब्रश किती स्थिर आहे, हे तिच्या देशाच्या नावावरून कसं कळणार?

पण बर्स्लेमच्या बाजूनेही बघायला पाहिजे. तिथे आजोबा, मुलगी, नात अशा पिढ्या एकाच कारखान्यात होत्या. गिऱ्हाईक जुन्या मूर्तीला जास्त पैसे देतं, ते त्या बंद पडलेल्या जगाचे असतात. इंडोनेशियाचं काम खराब असण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

स्पेनच्या यादरोने नेमका हाच हिशेब ओळखला. तीन भावांनी १९५० च्या दशकात व्हॅलेन्सियाजवळ घरच्या भट्टीवर सुरू केलेलं काम. आजही त्यांच्या मूर्ती तिथेच, तावेर्नेस ब्लांकेसच्या कारखान्यात बनतात. अगदी आपल्याकडे शोरूममध्ये लाखांच्या घरात विकला जाणारा त्यांचा गणपतीसुद्धा.

मग माझा गोकू कुठला?

आता परत माझ्या टेबलावर या.

आजच्या फिगरचा प्रवास बघा. पात्र जपानी मांगामधलं. कंपनी जपानी. मूळ शिल्प बऱ्याचदा जपानमध्येच होतं, रंगांचा नमुना तिथेच ठरतो, हक्कांची मंजुरी तिथेच. मग स्टीलचे साचे, पीव्हीसी आणि एबीएस प्लास्टिक, स्प्रे, डोळ्यांची छपाई, जोडणी आणि पॅकिंग, हे बहुतेक वेळा चीनमध्ये, त्यातही डोंगग्वानसारख्या शहरांत. तिथे हे काम करणारे कारखाने, रंगारी आणि साचेवाले इतके एकवटलेत की तसं दुसरीकडे सहज उभं राहत नाही. काही अपवाद आहेत. गुड स्माइल कंपनीने जपानमधल्या तोत्तोरीत स्वतःचा कारखाना काढला. पण ते अपवादच.

आपल्याला हे नवीन नाही. गणपती ठरवताना घरात पहिला प्रश्न येतो, "पेणची आहे ना?" पेण आणि हमरापूरच्या कच्च्या मूर्ती गाड्या भरून दुसऱ्या गावांना जातात आणि रंगकाम, डोळ्यांची आखणी तिथे होते. मग ती मूर्ती पेणची, का डोळे आखणाऱ्याच्या गावची? आपण तिला बिनधास्त पेणची म्हणतो. माझ्या गोकूला मात्र मी तेवढी सूट दिली नाही.

खरी गोची अशी की डुप्लिकेटही चीनमध्ये बनतात आणि ओरिजिनलही. त्यामुळे 'मेड इन चायना' हे वाक्य या बाबतीत काहीच सांगत नाही. बघायचं असतं दुसरंच. हक्कधारकाचं नाव तळाशी किंवा बॉक्सवर आहे का. ड्रॅगन बॉल किंवा वन पीसच्या वस्तूंवर तोएईचं होलोग्राम स्टिकर आहे का. डोळ्यांची छपाई सुबक आहे की पसरलेली. त्वचा तेलकट चकाकतेय का. जोड नीट बसलेत का. यातलं सगळं त्या नाशिकच्या पोराने मला एका ओळीत सांगितलं होतं. "स्टिकर बघा ना."

आमच्या कामात कॅश नावाचा प्रकार असतो. एकदा आणलेली माहिती जवळ साठवून ठेवायची, म्हणजे दर वेळी शोधायला नको. काम पटकन होतं. पण मूळ माहिती बदलली आणि कॅश तसाच राहिला, तर तुम्ही पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देता. देशाचं नाव हा आपल्या डोक्यातला तसाच कॅश आहे. १७१० मध्ये चिनी म्हणजे सर्वोत्तम. १८८७ मध्ये जर्मन म्हणजे भिकार. १९५० मध्ये जपानी म्हणजे तकलादू. आज जपानी ऐकलं की डोळे झाकून विश्वास आणि चिनी ऐकलं की राग. यातली प्रत्येक समजूत तिच्या काळात कुठेतरी खरी होती, आणि खरेपणा संपल्यावरही बरीच वर्षं टिकली.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

गेल्या महिन्यात मी तीच फिगर पुन्हा घ्यायला निघालो. तिचं उत्पादन बंद झालंय. मिळाली, पण चौदा हजारांना. तळाशी अर्थातच मेड इन चायना. हा माझा दंड समजा.

मग त्या मुलाचं पेज शोधलं. माझा एक स्टार अजून तिथे होता. तो काढला आणि खाली लिहिलं, "चूक माझी होती. वस्तू ओरिजिनल होती." त्याला मेसेजही केला. पण पेजवरची शेवटची पोस्ट तीन वर्षांपूर्वीची आहे. मेसेजला अजून एकच टिक आहे. धंदा माझ्यामुळे बंद पडला असं मी म्हणत नाही, तेवढा मोठा मी नाही. पण माझ्या त्या दोन शब्दांनंतर किती जणांनी पेज बंद करून पुढे स्क्रोल केलं असेल, ते मला कधीच कळणार नाही.

म्हणून सांगतो, वस्तू उलटी करून जरूर बघा. तळाशी लिहिलेलं वाचा. फक्त ते वाचून झाल्यावर निकाल देण्याआधी वस्तू पुन्हा सुलटी करून तिच्याकडेही एकदा बघा.

तुमच्या घरातल्या शोकेसमध्ये एखादं जुनं शोपीस असेल, तर आज उलटं करा आणि तळाशी काय आहे ते मला कळवा. आणि काढताना जपून. फुटलं, तर आजीला माझं नाव सांगू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.